कोरड्या मैदानावर घडणारा जलतरणपटू

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला घेऊन आम्ही शालेय जलतरण स्पर्धेला गेलो होतो. पैनगंगेच्या काठच्या खेड्यातला तो मुलगा. पाऊसकाळ संपून नदीचे पाणी निवळले की डोहातून त्याला बाहेर काढणे हेच आम्हां शिक्षकांचे काम असे. त्याच्याइतका दम असलेला दुसरा पोहणारा आमच्या पाहण्यात नव्हता. त्यामुळे पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या शर्यतीत तो पहिल्या तिघांत येणार, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. शिट्टी वाजली आणि इतर मुले चौथऱ्यावरून बाण सुटावा तशी पाण्यात शिरली. आमचा मुलगा मात्र पाण्यात पडला, असेच म्हणावे लागेल. मधल्या टप्प्यात त्याने अंतर भरून काढले. पण पंचवीस मीटरच्या त्या तलावात भिंतीशी वळण घेताना इतरांनी पायांचा रेटा देऊन पुन्हा दोन हात आघाडी घेतली. शेवटच्या दहा मीटरांत त्याचे खांदे उचलेनात. तो शेवटून दुसरा आला.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या जिल्ह्यातील एका प्रशिक्षकांनी आम्हांला थांबवून विचारले, "सर, मुलगा चांगला आहे. पण हा पाण्याबाहेर काय करतो?" आम्ही गोंधळलो. पोहणाऱ्याने पाण्याबाहेर काय करायचे असते, हा प्रश्नच आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. आज शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर मांडू इच्छितो. ते उत्तर आपल्या भागाच्या परिस्थितीशी जितके जुळते तितके बहुधा दुसऱ्या कोणत्याही भागाशी जुळत नसेल.

आपला हिमायतनगर तालुका पैनगंगेच्या दक्षिण काठावर वसलेला आहे. पलीकडे उमरखेड, म्हणजे विदर्भ. खाली इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात कोसळतो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटावे की या मुलखाला पाण्याची काय कमतरता! परंतु उन्हाळा लागला की तीच नदी जागोजागी उघडी पडते आणि इसापूर धरणातून पाणी सोडावे म्हणून काठच्या गावांना अर्ज करावे लागतात. शेजारच्या लातूरची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने तेथे पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या 'जलदूत' गाडीची पहिली फेरी सुमारे पाच लाख लिटरची होती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. आता ऑलिम्पिक मापाचा तरणतलाव घ्या. लांबी पन्नास मीटर, रुंदी पंचवीस मीटर, खोली दोन मीटर धरू. म्हणजे अडीच हजार घनमीटर, अर्थात पंचवीस लाख लिटर. तहानलेल्या शहरासाठी धावणारी संपूर्ण गाडी एका तलावात रिकामी होते. हे गणित वर्गात मांडले तेव्हा एका मुलीने विचारले, "मग सर, आपण पोहण्याचे स्वप्न पाहणे चूक आहे का?"

आमचे उत्तर आहे, नाही. परंतु ज्याच्याजवळ वर्षातून तीन-चार महिनेच पाणी आहे, त्याने उरलेले आठ महिने कसे वापरावेत, याचा विचार इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे केला पाहिजे.

येथे थोडे मागे वळून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. आपल्या समाजात पोहणारे कमी का, या प्रश्नाचे उत्तर केवळ दुष्काळात सापडत नाही. आमच्या लहानपणी गावातल्या मोठ्या विहिरीत उन्हाळाभर मुलांच्या उड्या पडत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा बांधून बाप लेकराला पाण्यात सोडी. आमच्या वस्तीतली मुले ते दुरून पाहत. ज्या विहिरीवरून आमच्या आया घागर भरू शकत नव्हत्या, तिच्यात आम्ही पोहणार कुठले? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याविषयीचा उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७ साली. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली आणि तीही पिण्याच्या पाण्यासाठी. पोहणे ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते. जिथे बापालाच पाण्यात उतरू दिले गेले नाही, तिथे मुलाला शिकवणार कोण? ही तूट आपोआप भरून निघणार नाही. ती शाळेने भरून काढायची आहे, म्हणूनच हा विषय आम्ही स्मरणिकेत लिहिण्याजोगा मानतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोहणारा पाण्यात घडतो हे खरेच. पण त्याच्या शरीरातील बळाचा मोठा भाग जमिनीवर घडवता येतो. महाराष्ट्रातच याचे एक ठळक उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी लहानपणी कुस्तीच्या मातीत अंग घुसळले आणि सैन्यात गेल्यावर मुष्टियुद्धात नाव मिळवले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांच्या आयुष्यात पोहणे आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पायांची साथ नसलेल्या माणसाला पाण्यातून पुढे नेले ते छाती, पाठ आणि दंड यांनी. आणि ती छाती, ती पाठ आखाड्यात व मुष्टियुद्धाच्या रिंगणात कसलेली होती. त्यांच्या जिद्दीचे पोवाडे खुशाल गावेत. पण त्या जिद्दीखाली आधीपासून तयार असलेले शरीर होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांचे. विजेच्या धक्क्याने त्यांनी दोन्ही हात गमावले. तरीही २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक पटकावले. एकाला पायांचे बळ नाही, दुसऱ्याला हात नाहीत. पाणी अंगात जे बळ असेल ते मागते आणि जे मिळेल त्यावर माणसाला पुढे नेते.

तिसरे उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे. वयाच्या सतराव्या वर्षात, २००८ साली, ते बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहले. २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ साली खजान सिंग यांनी मिळवलेल्या रौप्यपदकानंतर, चोवीस वर्षांनी, आशियाई स्पर्धेच्या तलावातून भारताला मिळालेले ते पदक होते. पुढे ते तहसीलदार झाले, काही काळ पोहण्यापासून दूर राहिले आणि पुन्हा परतले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ते चौथे आले. कांस्यपदक हुकले ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने. शंभरावा भाग म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला घड्याळाच्या काट्यावरून येणार नाही. पापणी लवायलाही त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. एवढ्याशा अंतराने जिथे निकाल लागतो, तिथे चौथऱ्यावरून सुटताना मांड्यांनी दिलेला रेटा, भिंतीवर टेकलेल्या पावलांचा दाब, शेवटच्या हाताची लांबी, या प्रत्येक गोष्टीला किंमत येते. यांपैकी बहुतेक गोष्टींची तयारी पाण्याबाहेर करता येते.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. शिवाय वेग वाढवावा तसा पाण्याचा विरोध त्याच प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर विरोध साधारण चौपट होतो. म्हणून नुसती हातपायांची घाई करणारा मुलगा लवकर थकतो. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे बहुतांश काम हात करतात आणि हातामागचे बळ येते ते पाठीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या रुंद स्नायूंतून, छातीतून आणि दंडाच्या मागच्या भागातून. पोट व कंबर ढिली असली की पाय खाली लोंबतात, शरीर तिरके होते आणि विरोध वाढतो. कंबर ताठ राहिली की तेच शरीर होडीसारखे सरळ जाते. सुरुवातीची उडी आणि वळणानंतरचा रेटा हे सर्वस्वी पायांचे काम. आमचा मुलगा हरला तो याच तीन ठिकाणी: उडीत, वळणात आणि शेवटी थकलेल्या खांद्यांत. मधल्या पाण्यात तो कोणालाही हार गेला नव्हता.

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न तपासला आहे. अमेरिकेत डेव्हिड कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जमिनीवरील यंत्रावर हातांची मोजलेली शक्ती आणि छोट्या अंतराच्या पोहण्याचा वेग यांत अतिशय जवळचे नाते दिसून आले. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एकाच कागदावर विश्वास न ठेवण्याची आम्हांला सवय आहे. त्याच कॉस्टिल यांचा सहभाग असलेला १९९३ सालचा दुसरा अभ्यास पाहा. चोवीस जलतरणपटूंपैकी निम्म्यांना पोहण्याच्या जोडीला जमिनीवर वजनांचा व्यायाम दिला गेला. त्यांची ताकद पंचवीस ते पस्तीस टक्क्यांनी वाढली; पण पोहण्याचा वेग मात्र इतरांहून सुधारला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की धडा स्पष्ट होतो. बळ आवश्यक आहे. पण जमिनीवर कमावलेले बळ आपल्या पायांनी चालत पाण्यात जात नाही. ते पाण्यात उतरवावे लागते. व्यायामाची हालचाल पोहण्याच्या हालचालीशी मिळतीजुळती असावी लागते आणि वाढलेल्या बळाचा उपयोग कसा करायचा, हे पाण्यातच शिकावे लागते. पुढच्या काळातील अभ्यासांतूनही, जोरकस व वेगवान व्यायाम पोहण्याच्या सरावाला जोडला असता लाभ होतो, विशेषतः छोट्या शर्यतींत आणि सुरुवातीच्या उडीत होतो, असे चित्र पुढे आले आहे.

आमच्या मैदानावर आम्ही जे करतो, त्यासाठी फार साधने लागत नाहीत. सायकलची जुनी ट्यूब कापून ती लिंबाच्या खोडाला बांधतो. मुलाने कमरेत वाकून, कोपर उंच ठेवून, दोन्ही हातांनी ट्यूब मांडीपर्यंत ओढायची. पाण्यात हात जसा ओढला जातो, तशीच ही हालचाल आहे. आडव्या लोखंडी दांडीला लोंबकळून हनुवटी दांडीवर नेणे हा दुसरा व्यायाम. ज्याला एकदाही जमत नाही, त्याने उडी मारून वर जावे आणि सावकाश खाली यावे. महिन्याभरात जमू लागते. दोरीचा मल्लखांब आहे, तो पकड, खांदे आणि पोट एकाच वेळी तयार करतो. जोर आणि बैठका तर आपल्या मातीतच आहेत. पायांच्या रेट्यासाठी अर्धी बैठक मारून दोन्ही हात कानांना चिकटवत उभी उडी. एका वेळी सहा उड्या, मध्ये पुरेशी विश्रांती, असे तीन फेरे. कंबरेसाठी कोपर व चवड्यांवर अंग फळीसारखे ताठ धरणे. पहिल्या दिवशी वीस सेकंदही पुष्कळ झाले.

दोन गोष्टींकडे शिक्षकांचे सहसा दुर्लक्ष होते. एक म्हणजे खांद्याचा मागचा भाग. पोहताना हात सतत पुढून आत आणि खाली ओढला जातो. त्यामुळे छातीकडचे स्नायू बळकट होतात, मागचे छोटे स्नायू मागे पडतात आणि खांदा दुखू लागतो. म्हणून ट्यूब जितकी आत ओढायची, तितकीच कोपर बरगडीला टेकवून बाहेरही ओढायची. पाठीची पाती एकमेकींजवळ आणायची. दुसरी गोष्ट म्हणजे घोटा. ज्याचा पाय घोट्यातून सरळ ताणला जातो, त्याची लाथ पाण्याला मागे ढकलते. ज्याचा घोटा ताठ, त्याची लाथ नुसते पाणी उडवते. यासाठी वज्रासनासारखा सोपा उपाय नाही. वंदनेच्या वेळी गुडघे टेकून टाचांवर बसणारी आमची मुले नकळत हा ताण देतच असतात, हे लक्षात आल्यावर आम्हांलाच गंमत वाटली.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. पराभव जिव्हारी लागला होता. आम्ही मुलांना रोज दोनशे जोर मारायला लावले. सुट्टी नाही, कमी-अधिक नाही. दीड महिन्यात दोन मुलांचे खांदे धरले आणि एका मुलाने पोहणेच सोडले. दोष मुलांचा नव्हता. आमच्या उतावीळपणाचा होता. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देह झिजवल्यानंतर आत्यंतिक क्लेशाचा मार्ग सोडून दिला, हे आम्ही वर्गात शिकवत होतो आणि मैदानावर विसरत होतो. अष्टांगिक मार्गातील एका अंगाचे नावच सम्यक व्यायाम आहे. तिथे व्यायाम म्हणजे मनाचा प्रयत्न, हे खरे. अनुचित ते उत्पन्न होऊ न देणे, उत्पन्न झालेले दूर करणे, उचित ते उत्पन्न करणे आणि उत्पन्न झालेले टिकवणे, असे त्याचे चार भाग सांगितले जातात. पण मैदानावरील शिक्षकालाही यापेक्षा चांगला क्रम कोण सांगणार? आधी दुखापत होऊ द्यायची नाही, मग असलेला दोष काढायचा, नंतर नवे बळ आणायचे आणि आलेले टिकवायचे. आम्ही नेमके उलटे केले होते. आता बळाचा व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक, चाळीस मिनिटे असतो. त्यातली पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्यात जातात. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्यांत. शेवटच्या वेळी ठेवण बिघडू लागली की तिथेच थांबायचे. लहान मुलांना स्वतःच्या वजनापलीकडे काहीही द्यायचे नाही.

पालकांचे काही आक्षेप आमच्या कानांवर येतात. ते रास्त आहेत, म्हणून त्यांची उत्तरे देतो. एक बाबा म्हणाले, "सर, माझं पोरगं सुट्टीत कापूस वेचतं, पोती उचलतं. त्याला आणखी कसला व्यायाम?" या प्रश्नात आपल्या समाजाचा सगळा इतिहास आहे. परंतु श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. पोते उचलताना मालाचा हिशेब होतो, अंगाचा होत नाही. तेच वाकणे, तीच बाजू, दिवस मावळेपर्यंत. वर विश्रांती आणि आहार यांची वानवा. अशा श्रमाने माणूस काटक होतो आणि लवकर झिजतोही. व्यायामात मोजमाप असते, दोन्ही बाजू सारख्या असतात, मध्ये विश्रांती असते आणि त्यातून येणारे बळ करणाऱ्याचे स्वतःचे असते. आपल्या मागच्या पिढ्यांनी दुसऱ्यांच्या कामासाठी अंग वापरले. मुलांनी ते स्वतःसाठी घडवावे, एवढीच आमची इच्छा आहे. आहाराचेही तसेच आहे. डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी यांखेरीज महागडे काही लागत नाही. पण एवढे मात्र लागतेच. उपाशी मुलाकडून जोर मारून घेणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा, की अशा व्यायामाने मुलांची उंची खुंटते. योग्य देखरेखीखाली, वयाला झेपेल असा बळाचा व्यायाम केल्याने वाढ खुंटत नाही, असा बालरोगतज्ज्ञांचा निर्वाळा आहे. धोका असतो तो देखरेखीशिवाय, ईर्ष्येने, झेपणार नाही असे वजन उचलण्यात.

तिसरा आक्षेप मुलींविषयीचा. मुलींनी दांडीला लोंबकळावे का, पोहण्याचा पोशाख घालावा का, असे विचारले जाते. आम्ही एवढेच म्हणतो की विहिरीतून पोहरा ओढणारे हात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचेच होते. दोर ओढण्यात लाज नव्हती, तर ट्यूब ओढण्यात कसली? अंगभर पोहण्याचे पोशाख आज मिळतात. मुलींसाठी वेगळी वेळ आणि सोबत शिक्षिका ही व्यवस्था शाळेने करायची आहे आणि ती आम्ही करू. मुलींना पाण्यापासून दूर ठेवण्याचे कारण मात्र आपण शोधू नये. दूर ठेवण्याची कारणे आपल्याला पुष्कळ ऐकवून झाली आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. जमिनीवरचे बळ म्हणजे पोहणे नव्हे. तगडा मुलगाही बुडतो; किंबहुना अंगात ताकद आहे या भरवशावर अनोळखी डोहात उतरणारा लवकर बुडतो. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. गणपती विसर्जन असो की श्रावणातील सहल, नदीकाठच्या तालुक्यांतून अशी बातमी आल्याशिवाय वर्ष सरत नाही. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी तरंगणे, श्वास सोडणे आणि पाठीवर निवांत पडून राहणे, मग पोहणे, आणि त्याला जोड म्हणून जमिनीवरील व्यायाम. ज्याला तरंगता येत नाही, त्याने कितीही जोर मारले तरी तो आमच्या लेखी पोहणारा नाही. कोरड्या मैदानाचे महत्त्व सांगता सांगता पाण्याची गरज कमी लेखली जाऊ नये.

म्हणूनच या लेखाचा शेवट आम्ही केवळ मैदानावर करू शकत नाही. कोरड्या व्यायामाची भलामण करताना एक भीती आम्हांला वाटते. उद्या कोणी म्हणेल की तुमची मुले झाडाला ट्यूब बांधूनच तयार होत आहेत, तर मग तुम्हांला तलाव कशाला हवा? १९९३ च्या त्या अभ्यासातील चोवीस जलतरणपटू या म्हणण्याला उत्तर देतात. पाण्याशिवाय वाढवलेले बळ अपुरे राहते. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा लहान तलाव साधारण तीन लाख लिटरांत भरतो आणि गाळणयंत्र असले तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते. तालुका क्रीडा संकुलात असा एक तलाव असावा, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे. ती चैन नाही. ज्या तालुक्यातून नदी वाहते, तिथल्या प्रत्येक मुलाला पोहता आले पाहिजे आणि ते शिकण्याची सुरक्षित जागा सार्वजनिक असली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की वर्षातून एकदा पंधरा दिवसांचे जलतरण शिबिर जिल्ह्याच्या ठिकाणी भरवण्याचा भार आपण उचलावा. सकाळच्या गाडीने भोकर-मुदखेडमार्गे मुले नेता-आणता येतील किंवा तिथे राहण्याची सोय करता येईल. आपल्यापैकी जे पोलीस दलात, सैन्यात किंवा क्रीडा शिक्षक म्हणून काम करतात, त्यांनी सुट्टीत येऊन मुलांची ठेवण तपासून द्यावी. पैशांपेक्षा ही मदत मोठी आहे. पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला रोज अर्धा तास द्यावा आणि ताटात मूठभर शेंगदाणे वाढावेत. मोठे माणूस काठावर असल्याशिवाय त्याला नदीत मात्र उतरू देऊ नये.

तो मुलगा आज नोकरीला आहे. त्या पराभवानंतरच्या वर्षी, पंधरा आठवडे मैदानावर घाम गाळल्यानंतर, तो पुन्हा त्याच तलावात उतरला. पदक त्याला मिळाले नाही; चौथा आला. पण चौथऱ्यावरून तो या वेळी पडला नाही, सुटला. आणि शेवटच्या दहा मीटरांत त्याचे खांदे उचलत होते. काठावर उभ्या असलेल्या त्याच प्रशिक्षकांनी आमच्याकडे पाहून मान हलवली. गेल्या दिवाळीत तो शाळेत आला, तेव्हा मैदानावरच्या लिंबापाशी गेला, ट्यूब ओढून पाहिली आणि म्हणाला, "सर, ही फार जुनी झाली, तुटेल. नवी बांधा." पुढच्या आठवड्यात त्याने रबरी पट्ट्यांचे एक खोके पाठवून दिले. सोबत चिठ्ठी होती: मुलींसाठी आधी वापराव्यात.

त्या पट्ट्या आता लिंबाला बांधलेल्या आहेत. यंदा मुली त्यांच्यावर सराव करीत आहेत आणि पावसानंतर पैनगंगेचे पाणी निवळण्याची वाट पाहत आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!